धावड्याचा फुफाटा आणि थरची वाळू

पहाटे साडेपाचला आम्ही मायलेक घराचे दार ओढून बाहेर पडतो, तेव्हा धावड्यात दोनच ठिकाणी जाग असते. एक बसथांब्याजवळच्या चहाच्या टपरीवर आणि दुसरी मिरचीच्या गाड्या भरणाऱ्यांच्या गडबडीत. गेले सात महिने हा आमचा नेम झाला आहे. आरंभी लोक थांबून विचारीत, "शेठ, एवढ्या पहाटे पायी कुठं? गाडी बिघडली का?" आता कोणी विचारत नाही. उलट एखाद्या दिवशी आम्ही दिसलो नाही, तर दुकानावर येऊन चौकशी होते की आजींची तब्येत बरी आहे ना.

धावडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले, मराठवाडा आणि विदर्भ यांच्या शिवेवरचे गाव. बुलढाण्याहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आमच्या उंबऱ्यावरून जातो. उत्तरेला अजिंठ्याच्या रांगेची टेकाडे, भोवती काळी जमीन, तीत कपाशी, मका, सोयाबीन आणि मिरची. जवळच्या पिंपळगाव रेणुकाईचा मिरचीबाजार दूरदूरच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. वालसावंगीच्या बाजूला महानुभाव पंथीयांचे श्रद्धास्थान असलेला जाळीचा देव आहे. तिकडे पायी जाणारे भाविक आम्ही लहानपणापासून पाहत आलो. चातुर्मास संपला की याच रस्त्याने आपले साधू-साध्वीजी विहार करीत जातात, आणि त्यांना पुढच्या गावाच्या वेशीपर्यंत पोचवून येणे हा आमच्यासारख्या दोन-चार घरांचा मान असतो. पायी चालणे या मातीला नवे नाही. नवे होते ते माझ्या पायांना.

आमच्या घरात आईला 'बाई' म्हणतात. बाईंचे वय 71. त्यांचे माहेर मंदिरमार्गी, सासर स्थानकवासी. पन्नास-बावन्न वर्षांच्या संसारात त्यांनी सासरचा आचार निष्ठेने पाळला, आणि माहेरची एक इच्छा मनाच्या तळाशी जपून ठेवली. आयुष्यात एकदा छ'री पालित संघात पायी चालत जैसलमेर-लोद्रव्याच्या पार्श्वनाथांपर्यंत जावे, ही ती इच्छा. वडिलांजवळ त्यांनी ती अनेकदा बोलून दाखवली होती. वडिलांचे उत्तर ठरलेले असे. "हा हंगाम निघू दे, पुढच्या वर्षी नक्की." वाचक बंधू-भगिनींनो, हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्या घरात उच्चारले गेले नाही? संघ निघतात ते चातुर्मास उठल्यावर, हिवाळ्यात, आणि कापूस-मक्याची खरेदी ऐन भरात येते तीही तेव्हाच. असे चाळीस हंगाम निघाले. तीन वर्षांपूर्वी वडील गेले आणि 'पुढचे वर्ष' तसेच राहिले.

गेल्या अक्षय्य तृतीयेला एका नातेवाइकांच्या वर्षीतपाच्या पारण्याला आम्ही गेलो होतो. तेथे समजले की येत्या पौषात फलोदीहून जैसलमेरपर्यंत एक संघ निघणार आहे. बाई काही बोलल्या नाहीत. फक्त अर्जाचा कागद घडी करून त्यांनी पदराला बांधला. परतीच्या वाटेवर मी विचारले, "बाई, तुम्हाला जायचंय का?" त्या खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "तू येशील तर. नाहीतर पुढच्या वर्षी." ते 'पुढच्या वर्षी' ऐकले आणि मी त्याच रात्री दोन अर्ज भरले.

छ'री पालित संघ म्हणजे काय, हे आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. तरी नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'री' येते असे सहा नियम यात्रेकरूने पाळायचे असतात. पादचारी, म्हणजे वाहन नाही. एकाहारी, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत भोजन. भूमिसंथारी, म्हणजे जमिनीवर शयन. सचित्त-परिहारी, म्हणजे सजीव अन्नपाण्याचा त्याग. ब्रह्मचारी. आणि सम्यक्त्वधारी, म्हणजे श्रद्धा जागती ठेवून सकाळ-संध्याकाळची आवश्यक क्रिया करणारा. संघपती सर्वांचा खर्च उचलतो. पुढची तुकडी आदल्या दिवशीच मुक्कामाची जागा गाठून तंबू ठोकते, चुली मांडते, पाणी उकळून थंड करायला ठेवते. यात्रेकरूचे सामान क्रमांक घातलेल्या एका पिशवीत बसवून मालमोटारीने पुढे जाते. चालणाऱ्याच्या अंगावर राहतो तो फक्त स्वतःचा देह. पण वाळवंटाच्या वाटेवर तेवढेही ओझे पुष्कळ असते.

आमची वाट सुमारे 170 किलोमीटरांची. फलोदी, रामदेवरा, पोकरण, लाठी, चांदन आणि जैसलमेर, असा क्रम. रोज बारा ते पंधरा किलोमीटर धरले, तर तेरा-चौदा मुक्काम. त्यानंतर अमरसागर आणि लोद्रवा. जैसलमेरला वर्षभरात सरासरी सुमारे 20 सेंटिमीटर पाऊस पडतो. आपल्या जालना जिल्ह्यात याच्या तिपटीहून अधिक पडतो, आणि तरीही आपण 1972 आणि 2012-13 चे दुष्काळ पाहिले, मोसंबीच्या वाळलेल्या बागा तोडून सरपण झालेले पाहिले. हिवाळ्यात तिकडे दुपारचे ऊन सुसह्य असते, पण रात्रीचा पारा सात-आठ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरतो. हवा इतकी कोरडी की घाम येतो आणि कळायच्या आत सुकतो. माणसाला तहान जाणवत नाही, आणि शरीर मात्र आतून आटत जाते.

अर्जासोबत वैद्यकीय दाखला हवा होता. बाईंच्या वयाची मला काळजी होती. छत्रपती संभाजीनगरला दोघांच्याही तपासण्या केल्या. कागद चाळून डॉक्टर म्हणाले, "आजींना काही अडचण नाही. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यावी, गुडघ्याला पट्टा बांधावा. काळजी तुमची आहे." मला सहा वर्षांपासून मधुमेह आहे. वजन प्रमाणाबाहेर. चालणे म्हणजे गादीवरून गोदामापर्यंत. बाई आयुष्यभर घरात-अंगणात वावरल्या, पाणी भरले, जमिनीवर बसून सामायिक केली, आणि चटईवर झोपल्या. मी पन्नास वर्षे बसून काढली. त्या दिवशी परतताना आमच्या भूमिका बदलल्या. मी त्यांना नेणार नव्हतो. त्या मला नेणार होत्या, आणि तेही मी योग्य ठरलो तर.

मग तयारी सुरू झाली. मी जुन्या सवयीने एक कोरी वही घेतली. चाललेले अंतर जमेला, चुकलेला दिवस नावे. पहिल्या आठवड्यात नावेची बाजूच भरली. रोज दोन किलोमीटरांपासून आरंभ केला आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवले. डॉक्टरांनी सांगितले होते की एकदम जोर करू नये. स्नायू महिन्यात तयार होतात, पण सांधे आणि कंडरा यांना त्याहून अधिक काळ लागतो. हे सूत्र प्रत्येक यात्रेकरूने लक्षात ठेवावे. पंधरा दिवसांत तयारी उरकण्याचा हट्ट धरणारे बहुधा तिसऱ्या मुक्कामाला सामानाच्या गाडीत बसलेले दिसतात.

प्रश्न वाळूचा होता. मऊ वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून अधिक श्रम पडतात, असे मोजमाप झालेले आहे. संघाची वाट बहुतेक सडकेनेच जाते, पण मुक्कामांच्या आसपास आणि सडकेच्या कडेला वाळू टळत नाही. आमच्या भागात नद्यांच्या पात्रांत आता वाळू शोधावी लागते. ती इमारतींत जाऊन बसली आहे. मी शक्कल काढली की नांगरलेल्या शेतातून चालावे, ढेकळांत पाय चांगला तयार होईल. बाईंनी मला बांधावरच अडवले. "ताजी नांगरट सचित्त असते. यात्रेच्या तयारीसाठी पृथ्वीकायाची विराधना करायची? आणि ते शेत आपलं आहे का?" मी खजील झालो. मग त्यांनीच तोड काढली. बैलगाड्यांच्या वहिवाटीची जुनी वाट, जिच्यावर वैशाखात घोट्याएवढा फुफाटा साचतो, जी रोज तुडवली जाते आणि उन्हाने भाजून निघते. तीच आमची वाळू. त्या फुफाट्यात पहिल्या दिवशी एक किलोमीटर चाललो आणि पिंडऱ्या दोन दिवस ठणकल्या. हळूहळू ध्यानात आले की पाऊल लांब टाकायचे नाही. लहान पाऊल, सपाट पाऊल, टाच आपटायची नाही.

त्या वाटेवर सराटे पुष्कळ. बाई अनवाणी चालणार होत्या. मी कापडी बुटांत. आमच्याकडे चाळीस वर्षांपासून माल आणणारे एक वृद्ध शेतकरी आहेत. सगळे गाव त्यांना आप्पा म्हणते. त्यांनी पंढरीच्या पंचवीस वाऱ्या पायी केल्या आहेत. आमचा उपक्रम कळल्यावर ते दुकानाच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "शेठ, दुसऱ्या मुक्कामाला माणूस माघारी फिरतो. तेवढा मुक्काम काढा. तिसऱ्या दिवशी पाय आपले आपण चालतात." आणखी सांगितले की फोड आला तर लाज न धरता तिथेच बसावे, ओले मोजे बदलावे, आणि पुढच्या माणसाच्या चालीने चालू नये, आपल्या चालीने चालावे. डॉक्टरांनीही तेच सांगितले. जागा लाल होऊन चुणचुणू लागताच तिथे चिकटपट्टी लावावी, फोड येईपर्यंत वाट पाहू नये. मधुमेह्याने तर रोज रात्री दोन्ही तळवे आरशात पाहावेत, कारण त्याला इजा झालेली कळतेच असे नाही. आप्पांचा विठ्ठल आणि आमचे पार्श्वनाथ यांच्या वाटा वेगळ्या असतील, पण त्यांवर चालणारे पाय सारखेच असतात, हे त्या ओट्यावर पटले.

आषाढ आला आणि चातुर्मास सुरू झाला. जमिनीवर हिरवे अंकुर, गोगलगायी, किडे-मुंग्या. गाडीवाटेने जाणे बंद झाले. मला वाटले, आता तयारी खंडित होणार. बाई म्हणाल्या, "बाहेरचं चालणं थांबलं. आतलं आता सुरू होईल." गोदामाच्या रिकाम्या फरशीवर आम्ही फेऱ्या घालू लागलो. चाळीस पावले जाणे, चाळीस पावले येणे. नजर पुढच्या साडेतीन हातांवर. ईर्यासमितीचा हा नियम मी पाठशाळेत पाठ केला होता, पण पाळून पाहिला तो गोदामात. नजर खाली आणि जवळ ठेवली की चाल आपोआप मंदावते, श्वास लागत नाही, ठेच लागत नाही आणि मनही भटकत नाही. जीवदयेसाठी सांगितलेला नियम चालणाऱ्याचेही रक्षण करतो.

श्रावण-भाद्रपदात खरी परीक्षा पाण्याची झाली. संघात फक्त उकळलेले पाणी, तेही सूर्यास्तापर्यंतच. उकळलेल्या पाण्याचीही मुदत असते. पावसाळ्यात तीन प्रहर, हिवाळ्यात चार, उन्हाळ्यात पाच. सूर्यास्तानंतर चौविहार, आणि सकाळी पच्चक्खाण पूर्ण झाल्याशिवाय थेंब नाही. मधल्या काळात कित्येकदा आठ-दहा किलोमीटरांची वाटचाल होऊन जाते. म्हणजे पंधरा-सोळा तास पाण्याविना आणि त्यात चालणे. याची सवय एका आठवड्यात होत नाही. उपाय साधा आहे, पण शिस्तीचा. दिवसा तहान लागण्याची वाट न पाहता दर तासाला ठरावीक पाणी प्यायचे. सूर्यास्तापूर्वी घटाघटा पिऊन उपयोग नाही. ते अंगात मुरत नाही, बाहेर निघून जाते. भोजनात भाजलेले मीठ पुरेसे हवे. पर्युषणापर्यंत माझा चौविहार सहज होऊ लागला. एकासण्याचा प्रयोग मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नका, असे त्यांनी बजावले होते.

सामानाची यादी लेकीने पुण्याहून पाठवली. गिर्यारोहकांच्या दुकानात मिळणाऱ्या पुष्कळ वस्तू आपल्या उपयोगाच्या नसतात, हे तेव्हा कळले. उत्तम बूट चामड्याचे, उबदार झोपण्याच्या पिशव्या बदकाच्या पिसांच्या, आणि जीवनसत्त्वांच्या कित्येक गोळ्यांवर प्राणिज जिलेटिनचे आवरण. प्रत्येक वस्तू उलटसुलट करून वाचावी लागली. शेवटी कापडी बूट, सुती मोज्यांचे चार जोड, कृत्रिम धाग्यांची रजई, कान झाकणारी टोपी, नाकातोंडावर घ्यायचा सुती रुमाल, कटासणे, मुहपत्ती, चरवळा, माळ, औषधांचा डबा आणि रस्त्याने चालताना अंगावर घालायची चकाकत्या पट्ट्यांची बंडी. ही शेवटची वस्तू क्षुल्लक समजू नये. विहार करणाऱ्या साधू-साध्वीजींना भरधाव वाहनांनी धडक दिल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. पहाटेच्या अंधारात अजिंठा रस्त्यावर कपाशीने भरलेल्या गाड्या धावतात, तेव्हा आम्हाला त्या बंडीचे मोल कळले. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारे वाहन दिसेल असे, आणि एकामागे एक चालावे.

दुपारच्या निवांत वेळी बाई वाटेची माहिती काढून घेत. त्यांच्यापाशी ऐकीव ज्ञानाचे मोठे भांडार. फलोदीजवळच्या खिचन गावी हिवाळ्यात हजारो कुरजा पक्षी मध्य आशियातून येतात, आणि गावातले जैन पिढ्यान् पिढ्या त्यांना दाणे घालत आले आहेत. आमच्या यात्रेत तेही दर्शन घडणार. लाठी-चांदनच्या पट्ट्यात वाळूखाली गोड्या पाण्याचा साठा आहे. तिथल्याच माळरानात माळढोक पक्षी तग धरून आहे. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्याच शेंगा सांगरी म्हणून आपल्या ताटात येतात. केर, सांगरी, मंगोडी, पापड, गट्टे, हे आपण ज्याला 'मारवाडी जेवण' म्हणतो, ते वाळवंटाने शिकवलेले शहाणपण. जिथे हिरवी भाजी दुर्मीळ, तिथे उन्हात वाळवलेले आणि डाळीपासून केलेले टिकते. आणि हिरवीचा त्याग करण्याच्या तिथींनाही तेच चालते.

जैसलमेर 1156 साली रावळ जैसलने वसवले. त्याआधीची भाटी राजपुतांची राजधानी लोद्रवा. ती उद्ध्वस्त झाल्यावरही तिथले चिंतामणी पार्श्वनाथांचे मंदिर सतराव्या शतकात थाहरू शाह या श्रेष्ठींनी पुन्हा उभे केले. जैसलमेरच्या किल्ल्यातील पिवळ्या दगडांच्या मंदिरांखाली, पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी स्थापिलेला ताडपत्रांचा ज्ञानभंडार आहे. आक्रमणांच्या काळात ग्रंथ राखण्यासाठी ही दुर्गम आणि कोरडी भूमी निवडली गेली. कोरड्या हवेने ताडपत्रे टिकली. अमरसागर येथील शिलालेखात पटवा म्हणून विख्यात असलेल्या बाफना परिवाराने एकोणिसाव्या शतकात जैसलमेरहून शत्रुंजयापर्यंत नेलेल्या विराट संघाचे वर्णन कोरलेले आहे. व्यापाऱ्यांनीच मंदिरे बांधली, ग्रंथ राखले, संघ काढले. हंगाम त्यांनाही होते.

एका संध्याकाळी बाईंनी घरातली जुनी गोष्ट सांगितली. विक्रम संवत 1956, म्हणजे 1899-1900 चा छप्पनिया काळ. मारवाडात पाण्याचा थेंब नाही, गुरे मेली, माणसे परागंदा झाली. माझे पणजोबा फलोदीच्या बाजूच्या एका खेड्यातून लोटा-दोरी घेऊन पायी निघाले. रेल्वे गाठीपर्यंत वाळूतून किती दिवस चालले, याचा हिशेब कोणत्याच वहीत नाही. पुढे निजामाच्या राज्यातल्या या काळ्या मातीत ते आले. इथल्या शेतकऱ्यांनी त्यांना ओटा दिला, पाणी दिले, उधारीवर विश्वास दिला. बाई म्हणाल्या, "ज्या वाटेनं ते तहानेनं बाहेर पडले, त्या वाटेनं आपण मनानं आत चाललोय." मी आजवर या यात्रेला बाईंची इच्छा समजत होतो. त्या रात्रीपासून ती माझीही झाली.

आणि इथेच माझी चूक झाली. इच्छेला अहंकाराने कधी गाठले, ते कळले नाही. दिवाळीचे वहीपूजन झाले, कार्तिकी पौर्णिमा उलटली, आम्ही पुन्हा रस्त्यावर आलो. मला बारा किलोमीटर सहज जमू लागले होते. वजन नऊ किलो उतरले होते. मला वाटले, सहाही 'री' पाळून दाखवाव्यात. डॉक्टरांना न विचारता, घरात कोणाला न सांगता मी एकासणे केले, दुपारच्या जेवणाबरोबर नेहमीच्या गोळ्या घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाळीच्या देवाच्या वाटेने निघालो. नऊ-दहा किलोमीटरांवर हात थरथरू लागले. थंडीत कपाळावर घाम. रस्त्याची पांढरी रेघ दोन-दोन दिसू लागली. मी तरीही चालत होतो. बाई मागून येत होत्या. त्यांनी माझी चाल पाहिली, हाक मारली, आणि मी नीट उत्तर देऊ शकलो नाही, तेव्हा दंडाला धरून बांधावर बसवले. पदराची गाठ सोडून खडीसाखरेचे खडे माझ्या तोंडात घातले. मी मान हलवत होतो, पच्चक्खाण, पच्चक्खाण म्हणत होतो. त्यांनी ऐकले नाही.

पंधरा-वीस मिनिटांनी मी भानावर आलो. उजाडले होते. समोर कपाशी फुटलेली. मी म्हणालो, "बाई, माझा नियम मोडला." त्या शांतपणे म्हणाल्या, "नियम नाही मोडला. तुझा मान मोडला. पच्चक्खाणात समाधीचा आगार ठेवलेला असतो, तो कशासाठी? पूर्वाचार्यांना माणसाचं शरीर ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुला?" मी विचारले, खडीसाखर पदराला कशी? तर म्हणाल्या, "अक्षय्य तृतीयेपासून बांधते. डॉक्टर तुझ्याबद्दल बोलले, ते मीही ऐकलं होतं."

सात महिने मी समजत होतो की मी आईची सोबत करतो आहे. आणि सात महिने त्या माझ्या प्राणांची शिदोरी पदराला बांधून माझ्यामागे चालत होत्या. ही घटना लिहिण्यास संकोच होतो. पण आपल्या समाजात मधुमेह घरोघर आहे, तपाची हौसही घरोघर आहे, आणि दोन्ही एकत्र आले की काय होते, हे कोणीतरी सांगितले पाहिजे. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या पोट रिकामे असताना आणि श्रम होत असताना घातक ठरू शकतात. तप करण्यापूर्वी वैद्याला विचारणे हा श्रद्धेचा अभाव नव्हे. शरीराला फसवून केलेला नियम हा तपही नव्हे.

मी डॉक्टरांकडे जाऊन सर्व कबूल केले. ते रागावले, मग गोळ्या बदलल्या, आणि स्पष्ट सांगितले की चालण्यास हरकत नाही, एकासणे मात्र नाही. बरोबर कोणीतरी हवे आणि खिशात साखर हवी. मी संघाच्या व्यवस्थापकांना फोन करून खरे ते सांगितले, आणि गुरुभगवंतांना विचारण्याची विनंती केली. उत्तर आले की यथाशक्ती पाळणारालाही संघात स्थान आहे. छ'री पाळणाऱ्यांच्या यादीतून माझे नाव काढून सेवकांच्या यादीत घातले आहे. मी पायी चालेन, पण काम करीन ते पाण्याच्या गाड्याचे. कोणते पाणी केव्हा उकळले, त्याचा काळ केव्हा संपतो, कोणत्या टप्प्यावर किती हंडे हवेत, हा हिशेब माझ्याकडे आहे. बाई हसून म्हणाल्या, "बरं झालं. ज्याच्या पणजोबाला त्या वाटेवर पाणी मिळालं नाही, तो आता पाणी वाटणार."

आता चार दिवस उरले आहेत. मक्याची आवक जोरात आहे, कापसाच्या गाड्या दारात उभ्या आहेत. दुकान धाकटा भाऊ आणि माझा मुलगा पाहणार आहेत. काल मी किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या, तेव्हा सवयीने ओठांवर आले होते की हा हंगाम तरी... पण ते वाक्य मी उच्चारले नाही. आमच्या घरात ते वाक्य पुष्कळदा उच्चारून झाले आहे.

आज पहाटे शेवटची चाल झाली. आप्पा वेशीवर उभे होते. त्यांनी बाईंच्या पायांना हात लावला, बाईंनी त्यांना हात जोडले. मग त्यांनी गाडीवाटेवरचा चिमूटभर फुफाटा कागदाच्या पुडीत बांधून माझ्याकडे दिला आणि म्हणाले, "तिकडच्या वाळूत टाका. म्हणावं, धावड्याची माणसं आलीत." बाईंनी ती पुडी घेऊन आपल्या सामानाच्या पिशवीत ठेवली. मग मला विचारले, "तुझी साखर घेतलीस?" मी खिशाला हात लावून दाखवला.

संघात येणाऱ्या, किंवा येण्याचे मनात असून 'पुढच्या वर्षी' म्हणणाऱ्या सर्व साधर्मिक बंधू-भगिनींना आम्हा मायलेकांचा जय जिनेंद्र.